गुणाजी मेस्त्रीची खिडकी आणि सात मांजरं

...तर मांजरं सात होती. काल सांगताना पाच म्हटलं गेलं, ती चूक. रत्नप्रभाबाईंनी स्वतः मोजली होती, आणि बाई म्युनिसिपालिटीच्या शाळेत एकतीस वर्षं हजेरी घेऊन निवृत्त झालेल्या. त्यांची मोजणी चुकायची नाही. तिसऱ्या मजल्यावर, बाईंच्या खिडकीबाहेरच्या छज्ज्यावर, सातही जणं शेपट्या गुंडाळून चौकटीला नाक लावून बसली होती. एवढी एकाग्रता नवप्रभा सोसायटीच्या एकाही सभेत कुणी पाहिली नव्हती.

खाली रस्त्यावर उभा राहून गुणाजी मेस्त्री वर बघत होता आणि तिथून हलायला तयार नव्हता. कारण त्या एका खिडकीवर त्याच्या उरलेल्या खिडक्यांचा जीव टांगलेला होता.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागं जायला हवं. नवप्रभा ही अंधेरी पूर्वेची तीन मजल्यांची, चोवीस बिऱ्हाडांची इमारत. एकोणसाठ साली ती उभी राहिली तेव्हा तिच्या सगळ्या खिडक्या गुणाजीनं आणि त्याच्या मामानं केल्या. गुणाजी तेव्हा विशीतला, देवगडकडून आलेला, अंगावर एक सदरा आणि हातात मामाचा जुना रंधा. सागवानाची चौकट, वर काच, खाली तिरक्या पट्ट्यांची झडप. दुपारचं पश्चिमेचं ऊन पट्ट्यांवर आपटून बाहेरच्या बाहेर परत जायचं आणि वारा मात्र पट्ट्यांमधून वाकून आत यायचा. ह्याला कुणी शोध म्हटलं नाही. मामा म्हणायचा, कोकणात गोठ्याला पण अशीच खिडकी असते.

त्यानंतर सत्तावीस वर्षं गुणाजी उपनगरात लाकडाचीच कामं करत राहिला. जोगेश्वरीला त्याची शेड होती, म्हणजे चार बांबूंवर पत्रा. माणसांची तोंडं त्याच्या लक्षात राहायची नाहीत, खिडक्या राहायच्या. "तो घाटकोपरचा डॉक्टर, रे," असं कुणी म्हटलं की हा विचारायचा, "खंयचो? खालची बिजागरी मोडलली तो?" जुना बंगला पाडतायत असं कळलं की हा पिशवी घेऊन हजर, आणि बायको मालन कपाळाला हात लावून हजर. त्यांच्या खोलीत झोपायची बाज म्हणजे विलेपार्ल्याच्या कुणा वकिलाचं दार, आणि मालन पापड वाळत घालायची ते मुलुंडच्या शाळेच्या खिडकीवर. "ह्या घरात भिंती सोडून सगळा दुसऱ्याचा," असं ती येईल त्याला सांगायची. नवीन सागवान मात्र गुणाजी सहसा विकत घ्यायचा नाही. एवढं तोडलेलं पडलंय, तेच संपेना, मग अजून कशाला तोडा, एवढंच त्याचं शास्त्र.

आता शहाऐंशी साल. रंगीत टीव्हीच्या मागोमाग अंधेरीत एक नवा शब्द आला होता, पर्यावरण. तो नवप्रभामध्ये सर्वांत आधी सेक्रेटरी विद्याधर टिपणीस ह्यांना सापडला. टिपणिसांनी कुठल्याशा हॉलमध्ये एक व्याख्यान ऐकलं, मध्यंतरात बटाटेवडा खाल्ला, आणि परत येऊन सोसायटीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'लाकडी खिडकी म्हणजे जंगलाचा खून.' खाली प्रस्ताव: सोसायटीच्या सगळ्या लाकडी खिडक्या काढून सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या बसवाव्यात. काढलेल्या खिडक्या कोपऱ्यावरची बेकरी भट्टीसाठी न्यायला तयार होतीच. सत्तावीस वर्षांपूर्वी तुटलेली झाडं भट्टीत घातली की ती गुपचूप उठून जंगलात परत जाऊन उभी राहतील, असा काहीतरी बेत असावा. विद्वान माणसांचं आपल्याला कळत नाही.

गुणाजीला ही बातमी रत्नप्रभाबाईंनी दिली. तो तसाच चालत आला, टिपणिसांच्या दारात उभा राहिला.

"सायबानू, खिडक्यो सडलेल्यो नाय. खालची आडवी पट्टी तेवढी पावसान खाल्ल्यान. ती बदलूया, पाणी भायर जावक उतार देवया. बाकीचो सागवान अजून शंभर वर्षा जायत."

"मेस्त्री, प्रश्न सडण्याचा नाही," टिपणीस म्हणाले. "प्रश्न वृक्षांचा आहे."

"अहो, वृक्ष तर तुमच्या खिडकीतच आसा!" गुणाजी म्हणाला.

शेजारच्या दारातून रत्नप्रभाबाई बोलल्या. त्या भूगोल शिकवायच्या. "टिपणीस, अ‍ॅल्युमिनियम काय झाडाला लागतं का हो? डोंगर खरवडून माती काढतात, मग ती वितळवायला एका गावाला वर्षभर पुरेल एवढी वीज जाळतात. सहावीच्या पुस्तकात आहे."

"बाई, पुस्तकं जुनी झाली."

"खिडक्या पण जुन्या, पुस्तकं पण जुनी, मी पण जुनी. बेकरीवाल्याला एकदमच सांगा, हातगाडी मोठी आण म्हणावं."

शेवटी समितीनं मधला मार्ग काढला. समित्यांना तेवढा एकच मार्ग ठाऊक असतो. टिपणिसांच्या घरात नमुन्याची अ‍ॅल्युमिनियमची खिडकी बसवायची, शेजारी बाईंकडे गुणाजीनं जुनी दुरुस्त करून दाखवायची. मे महिन्यात सभा. ज्याची खिडकी बरी, त्याप्रमाणे चोवीस घरांचा निकाल. गुणाजी हरला की दुसऱ्या दिवशी बेकरीची हातगाडी.

साकीनाक्याहून दोन माणसं आली आणि टिपणिसांची खिडकी एका सकाळी चकाचक झाली. जुनी चौकट गजांसकट उपटून निघाली. नवीन जाळी 'शोभेला मारक' म्हणून टिपणिसांनी नको म्हटली. गुणाजीला मात्र चार दिवस लागले. बेकरीच्या वाटेवर पडलेली टिपणिसांची जुनी चौकट त्यानं आधी उचलली, तिच्यातूनच चांगला तुकडा काढून बाईंच्या खिडकीची खालची पट्टी केली. खिळा एक नाही; एका लाकडाच्या खाचेत दुसऱ्याचं कुसू बसवून, वर लाकडाची खुंटी. पट्ट्या एकेक काढून घासल्या. पडलेला भुसासुद्धा त्यानं पिशवीत भरला, मालनच्या शेगडीसाठी.

मग आला तेलाचा प्रश्न, आणि इथं गुणाजीनं माती खाल्ली. दुकानात रंगाचे डबे होते, पण त्या वासानं बाईंना दम लागायचा. गुणाजीला आठवल्या गावच्या होड्या. समुद्रात वर्षानुवर्षं भिजतात, कुठं कुजतात? वर्सोव्याची सरूबाई मासळीची पाटी घेऊन त्या गल्लीत यायचीच.

"सरूबाय, होडयेक तेल कसला लावतास?"

"मुशीचं. दुसरं काय लावतांव?" मुशी म्हणजे लहान जातीचा शार्क मासा. "पन तुला रं कशाला? होडी घेतली का काय अंधेरीत?"

"खिडकेक."

सरूबाई पाटी खाली ठेवून हसली. पण दुसऱ्या दिवशी डबा आणून दिला. गुणाजीनं ते तेल दोन हात चोपडलं. लाकूड असं प्यायलं म्हणता! काळंभोर, तुकतुकीत, पाण्याचा थेंब टाकला तर मोत्यासारखा घरंगळायचा. होडीला जे चाललं ते खिडकीला चालेल, ह्या हिशेबात काही खोट नव्हती. फक्त होडीच्या आसपास समुद्र असतो आणि खिडकीच्या आसपास अंधेरी, हे त्याच्या ध्यानातून गेलं.

म्हणून ती सात मांजरं.

टिपणिसांचा आनंद काय वर्णावा! आधी त्यांनी सगळ्यांना जिन्यावरून वर नेऊन मांजरं दाखवली. मग फळ्यावर लिहिलं, 'लाकडी खिडकीपासून आरोग्यास धोका'. "मेस्त्री, तुमची खिडकी आहे की बाजारातला ओटा?"

गुणाजी तसाच घरी गेला. संध्याकाळी राख आणि रिठ्याचं पाणी घेऊन आला, सगळं लाकूड घासून धुतलं, सुकवलं, आणि तिसऱ्या दिवशी जवसाचं उकळलेलं तेल लावलं. वास गेला. मांजरं गेली नाहीत. कारण मांजरांना मधल्या दिवसांत एक गोष्ट कळली होती: बाईंच्या खिडकीतून नुसता वास येतो, मधे गज, मधे पट्ट्या, पण त्याच छज्ज्यावरून चार पावलं गेलं की एक झकास सरकती खिडकी आहे, अर्धी उघडी, मधे काही नाही, आणि आत ओट्यावर दूध.

पहिल्या दिवशी दूध गेलं. दुसऱ्या दिवशी साय. तिसऱ्या दिवशी सौ. टिपणिसांनी मागवलेला सुरमईचा तुकडा, जो टिपणीस म्हणे डॉक्टरांच्या सल्ल्यानं खायचे.

"विद्याधर, ही खिडकी बंद कर नाहीतर मी माहेरी जाते," असं आतून ऐकू आलं, आणि खिडकी बंद झाली. मार्च गेला, एप्रिल गेला, ती बंदच राहिली. पश्चिमेचं ऊन काचेतून सरळ आत आणि बाहेर जायला वाट नाही. चौकट दुपारी अशी तापायची की सौ. टिपणिसांनी एकदा तिच्यावर हात टेकला आणि पुढं आठवडाभर टिपणिसांशी बोलल्या नाहीत. दोन पंखे सकाळपासून गरगर फिरायचे आणि गरम हवा इकडची तिकडं नेऊन ठेवायचे. शेजारी बाई पंखा बंद करून झडपेखाली बसून शब्दकोडं सोडवायच्या.

सभा मेच्या दुसऱ्या रविवारी, दुपारी चार वाजता, रिवाजाप्रमाणे सेक्रेटरींच्या घरी. अठरा माणसं त्या खोलीत बसली. टिपणिसांनी पर्यावरणावर बोलायला सुरुवात केली. पाच मिनिटांत खजिनदारांनी सदऱ्याची दोन बटणं काढली, दहा मिनिटांत दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी इतिवृत्ताच्या वहीनं वारा घ्यायला सुरुवात केली. "वृक्ष आपल्याला गारवा देतात," ह्या वाक्याला फ्यूज उडाला आणि दोन्ही पंखे थांबले.

"खिडकी उघडा हो!"

टिपणिसांनी काच सरकवली. छज्ज्यावरून एक करडं मांजर ऐटीत आत आलं आणि पाहुण्यांकडे न बघता थेट स्वयंपाकघरात गेलं.

"माझ्याकडे चला सगळे," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "जागा कमी आहे, पण जीव राहील."

अठराच्या अठरा शेजारी गेली. पट्ट्यांमधून वारा येत होता, जमिनीवर उन्हाच्या बारीक रेघा. खजिनदारांनी सदऱ्याची बटणं परत लावली. आजोबा तर भिंतीला टेकून घोरायलाच लागले, आणि त्यांना उठवून हात वर करायला सांगावं लागलं. सतरा हात गुणाजीच्या बाजूनं वर गेले. टिपणिसांचा हात खिशात रुमाल शोधत होता.

दाराशी चपलांपाशी उभ्या असलेल्या गुणाजीला हे कळायला जरा वेळ लागला. मग त्यानं पुढं होऊन खिडकीच्या चौकटीवर नुसता पंजा ठेवला, जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात.

पण सेक्रेटरी तो सेक्रेटरी. टिपणिसांनी घाम पुसला, कोरा कागद काढला आणि शेवटचा डाव टाकला. "ठीक आहे. बहुमताचा मान राखू. पण साकीनाकावाला दहा वर्षांची लेखी गॅरंटी देतो. मेस्त्री, तुमच्या चोवीस घरांच्या खिडक्यांची गॅरंटी कोण देणार? लिहून द्या इथं, नाहीतर ठराव अडवतो."

सगळे गुणाजीकडे बघायला लागले. त्यानं कागद हातात घेतला, उलटा करून बघितला, आणि अदबीनं टिपणिसांच्याच हातात परत दिला. तो म्हणाला ते असं:

"आधी तुमी लिवा, सायबानू. दर वर्षाक मिरगाच्या आधी चोवीस घरांतलो एकेक मानूस तेलाचो फडको घेवन आपली खिडकी आपल्या हातान पुसतलो, ह्या लिवा आणि सगळ्यांच्यो सह्यो घ्या. मगे माझो आंगठो खंय मारू, ता दाखवा."