फक्कीचे गोल आणि मुलुंडची यादी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं विचारलं तर मी शाळेतल्या गणिताच्या बाईंकडे बोट दाखवतो. आईला हे ठाऊक आहे आणि तिची हरकत नाही. वडील आमच्या तालुक्याच्या गावात पिठाच्या गिरणीवर कामाला होते. बारावीनंतर मीही तिथेच उभा राहणार होतो. बाई दळण घेऊन आल्या, ज्वारीच्या पोत्यावर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "याचा कॉलेजचा फॉर्म मी भरलाय. तुम्ही फक्त सही करा."

"बाई, पोराला झेपंल का?"

"नाही झेपलं तर मी दर आठवड्याला इथेच येते दळायला. तेव्हा मला बोला."

वडिलांनी पिठाच्या हातानेच सही केली. आमच्या घरातला पहिला पदवीधर असा झाला.

आज मी साकीनाक्याच्या एका ऑफिसात काम करतो. खालच्या मजल्यावर पत्रा कापतात, वर आम्ही बसतो. आमची कंपनी कानाची मशीनं विकते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर इथे दुकानं आहेत. कोणत्या ग्राहकाला कोणता संदेश जावा, त्याची यादी काढणं हे माझं काम. हजारो नावांना अटी लावायच्या: या दुकानाचा ग्राहक, आणि मशीन घेऊन वर्ष झालेला, पण अमुक खूण नसलेला. अटी नीट जोडल्या की नेमकी माणसं हाती लागतात.

इथे येण्याआधी सहा महिने मला मुलुंडच्या दुकानात काउंटरवर ठेवलं होतं. माणसं ओळखल्याशिवाय याद्या काढायच्या नाहीत, अशी आमच्या मॅडमची शिस्त. तिथे एकदा एक आजी आल्या. नवऱ्याचं मशीन त्यांनी रुमालात बांधून आणलं होतं. आजोबा गेले होते. मशीन परत घेता येत नाही, हे मी अडखळत सांगितलं.

त्या म्हणाल्या, "परत नको रे बाळा. एवढंच कर, यांच्या फोनवर आता तुमचं काही पाठवू नका. फोन मी उशाशी ठेवते. वाजला की उगाच उठून बसते."

गॅरंटीपायी आमच्याकडे कोणाचंच नाव पुसत नाहीत, नुसती खूण करतात. मी त्यांच्यासमोर 'संदेश नको' अशी खूण केली आणि त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, मगच उठल्या.

गेल्या महिन्यात मुलुंड आणि घाटकोपर इथे मशीनच्या मोफत तपासणीचं शिबिर ठरलं. संदेश लिहिणाऱ्या मुलीने पहिली ओळ झकास जमवली होती: 'काय काका, ऐकू येतंय ना?' सगळे हसलो. मी अटी लावल्या. मुलुंडचं दुकान, किंवा घाटकोपरचं दुकान, आणि 'संदेश नको' ही खूण नाही. त्याच दिवशी, गुरुवारी, सकाळी अकराला संदेश आपोआप जाईल असं लावून मी चहाला खाली उतरलो.

टपरीसमोर एक जण रस्त्यावर चुन्याची फक्की टाकून पार्किंगच्या रेघा मारत होता. ती पांढरी रेघ बघितली आणि मला बाई आठवल्या.

बाई मैदानावर फक्कीने मोठे गोल आखायच्या आणि आम्हालाच त्यांत उभं करायच्या. एक गोल वरच्या वाडीच्या पोरांचा, एक खालच्या वाडीच्या पोरांचा. मग म्हणायच्या, "दोन्ही वाड्यांमधले ज्यांनी डबा आणला नाही, तेवढेच हवेत." आम्ही घाईघाईने खालच्या वाडीतले डबेवाले बाहेर काढायचो आणि वरची वाडी तशीच राहायची. मग बाई विहिरीचा सोल, तो जाड दोर, आणायच्या, दोन्ही गोलांभोवती एकदम टाकायच्या. "आधी दोरी. मग कोणाला काढायचं ते काढा." आणि शेवटी नेहमीचं वाक्य: "आता दोन ओळखीचे शोधा. एक आत असायला हवा, एक बाहेर. ते कुठे उभे आहेत ते बघा."

ओळखीचे दोघं शोधायचे, हे मी दर वेळी करतो. त्या दिवशी केलं नव्हतं.

चहा तसाच ठेवून वर पळालो. यादी उघडली, आजोबांचा नंबर शोधला. होता. बाहेर असायला हवा तो माणूस आत उभा होता.

चूक लगेच दिसली. तीन अटी मी एका ओळीत लिहिल्या होत्या, कंस न घालता. कॉम्प्युटर 'आणि'ने जोडलेलं आधी धरतो. त्यामुळे खुणेची अट फक्त घाटकोपरला लागली आणि मुलुंडचे झाडून सगळे आत आले. वीस वर्षांपूर्वीची वरची वाडी तशीच राहिली होती.

घड्याळात दहा पन्नास झाले होते. मी मॅडमच्या टेबलापाशी गेलो. त्या घाटकोपरला वाढलेल्या, बोलायला फटकळ.

"काय रे, चेहरा का असा?"

"मॅडम, मुलुंडचे सगळे आत आलेत. खूण केलेलेसुद्धा. जे गेले, तेसुद्धा."

त्यांना 'काय काका' ही ओळ आठवली असावी.

"थांबवलंस?"

"नाही, आधी तुम्हाला..."

"अरे, मला काय विचारतोस? आधी थांबव, मग घाबर!"

मी बटण दाबलं. 'रद्द केले' अशी ओळ यायला पाच-सहा सेकंद लागले असतील. ती आली आणि मी खुर्चीत बसलो.

दोन्ही दुकानांभोवती कंस घातला, खुणेची अट बाहेर ठेवली, यादी नव्याने काढली. आजोबांचा नंबर शोधला. नव्हता. मॅडमनी स्वतः आणखी दोन नंबर शोधून बघितले, मग म्हणाल्या, "आता पाठव. आणि ती 'काय काका'वाली ओळ काढ. साधं लिहा."

संदेश लिहिणाऱ्या मुलीने पाण्याची बाटली माझ्यापुढे ठेवली. "वाट लागली असती ना रे! आम्ही इथे क्लासला फी भरून शिकलो, तरी मला दिसलं नसतं. तुला कोणी शिकवलं?"

दोन दिवसांनी घरी पत्र लिहायला बसलो. बाई फोनवर फार बोलत नाहीत, पण पत्र जपून ठेवतात.

आदरणीय बाई,

सादर नमस्कार. माझी तब्येत चांगली आहे, जेवण वेळेवर होतं. तुम्ही हेच आधी विचारता म्हणून आधी लिहिलं.

परवा माझ्या हातून आपल्या मैदानावरचीच चूक झाली. दोरी टाकायची राहिली. पण ओळखीचा माणूस शोधला आणि चूक दहा मिनिटं आधी सापडली. नाहीतर एका आजींच्या उशाशी त्यांच्या गेलेल्या माणसाचा फोन वाजला असता आणि त्यावर आमची थट्टेची ओळ आली असती. वाजला नाही. त्यांना यातलं काही कळलं नाही, कळायचं कारणही नाही. मी मात्र दोन दिवस हलका होऊन फिरतोय.

मला वाटायचं, शाळेतलं गणित परीक्षेपुरतं होतं. बाई, तुम्ही आम्हाला गोलात उभं केलंत म्हणून मला यादीतला माणूस दिसतो.

वडिलांना सांगा, पोराला झेपतंय.

आता पाठवायचं बटण दाबण्याआधी मी दर वेळी त्या आजोबांचा नंबर शोधतो. सापडला नाही की मगच दाबतो.

आपला विद्यार्थी