बारावं नाव आणि तिसरी चांदणी

नव्वदच्या दशकातला जानेवारीतला एक शनिवार... संध्याकाळी सहाला रोह्याच्या मैदानावर आमचा कबड्डीचा सामना, पेणच्या संघाशी. जिंकलो तर उपांत्य फेरी. बरोबरी झाली तरी गुणांच्या फरकावर पेणवाले पुढे जाणार, म्हणजे जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

मी आयुष्यात कधी धड चढाई केली नाही, पण मंडळाचा चिटणीस होतो. अक्षर बरं म्हणून! सामन्याआधी बारा नावांचा कागद पंचांकडे द्यायचा, सात खेळणारे आणि पाच राखीव. कागदावर नाव नसेल तर मैदानात उतरता येत नाही... आणि सगळं भांडण त्या बाराव्या नावावरून पेटलं होतं.

रूबेन आमचा उजव्या कोपऱ्याचा पकडपटू. गुरुवारच्या सामन्यात त्याने एकट्याने सहा पकडी केल्या होत्या. पण तो बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला ज्यू, आणि त्यांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत. तोवर काम नाही, गाडी नाही, खेळ नाही. कंपनीतली शनिवारची शिफ्टसुद्धा तो बदलून घ्यायचा आणि रविवारी जायचा.

दुपारभर चहाच्या टपरीवर नुसता कल्ला. गजाभाऊ म्हणजे आमच्या संघाचे सगळ्यात कडवे पाठीराखे, त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर. "बारावं नाव त्या सतीशचं घाल, तो पोरगा सहाला हजर तरी असंल. चांदण्या दिसंपर्यंत सामना संपंल, मग रूबेनला काय बक्षीस वाटायला ठेवतोस?" समोरच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "शेवटची पाच मिनिटं गावला तरी पुरे हाय."

सूर्य किती वाजता मावळतो, मध्यंतर किती लांबवता येईल... माझं डोकं उठलं. शेवटी मी रूबेनचं नाव लिहिलं आणि कागद देऊन टाकला. "हरलो तर तुझ्यामुळं, ध्यानात ठेव," गजाभाऊंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

रूबेन घरून चालत आला. हॅलोजनच्या झगमगाटात आभाळ दिसेना, म्हणून मला मंडपामागे नदीच्या बाजूला घेऊन गेला. "चांदण्या तू मोज," म्हणाला. मी म्हटलं, तू का नाही? "माझे डोळे आज लबाडी करतील रे. मला पण जिंकायचंच हाय ना."

तर मंडळी, ज्या सामन्यासाठी महिनाभर झोप उडाली होती, तो मी पाहिलाच नाही... पाठ मैदानाकडे, मान वर आणि कान लाउडस्पीकरकडे. मध्यंतराला आम्ही तीन गुणांनी मागे. नंतर आमचे सगळे बाद होऊन आमच्यावर लोण पडला आणि फरक आठवर गेला.

एव्हाना एक चांदणी दिसली होती. बऱ्याच वेळाने दुसरी... मग काहीच नाही.

तेवढ्यात गजाभाऊ धापा टाकत आले. "सात मिनिटं राह्यली! दिसल्या का?" रूबेन खाली मातीकडे बघत उभा होता. त्याने मान वर केली नाही, फक्त विचारलं, "किती?"

खरं सांगतो, 'तीन' अगदी जिभेवर आलं होतं. कोणाला कळणार होतं? गजाभाऊ माझा खांदा आवळत कानात म्हणत होते, "बोल ना तीन! तुझं काय जातंय?" पण तो माझ्या डोळ्यांवर विसंबला होता, आणि माझ्या डोळ्यांना दोनच दिसत होत्या.

"दोन," मी म्हणालो.

गजाभाऊंनी घातलेली शिवी इथे लिहिण्यासारखी नाही. रूबेन नुसता "बरं" म्हणाला आणि तसाच उभा राहिला.

तिसरी दिसली तेव्हा मी इतक्या जोरात ओरडलो की घसा बसला. रूबेनने डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि धावत सुटला. चार मिनिटं उरली होती.

आल्या आल्या त्याने पेणच्या सगळ्यात भारी चढाईवाल्याचा घोटा धरला. त्या चार मिनिटांत तीन पकडी! आमच्या पोरांच्याही अंगात आलं, फरक सात, पाच, तीन करत एकवर आला... आणि शिट्टी वाजली.

एक गुण. एका गुणाने हरलो.

गजाभाऊ पुढचे चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. मी टपरीवर गेलो की ते अर्धा चहा टाकून उठायचे. आणि मलाही आतून खात होतंच... तीन म्हणालो असतो तर? रूबेनला विचारायची हिंमत झाली नाही.

त्याच वर्षी मे महिन्यात रूबेनचं घर इस्रायलला जायला निघालं. निघण्याआधी त्यांनी मलिदा केला, म्हणजे नवसाचे गोड पोहे, खोबरं आणि फळं. सगळ्या आळीला बोलावणं होतं. गजाभाऊही आले, तोंड फुगवूनच.

रूबेनची आई, रिबकामावशी. त्यांनी पहिली ताटली माझ्या हातात दिली. "हा तीन बोलला असता तर माझा पोरगा उतरला असता," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "इथून जाताना मनात काटा घेऊन गेला असता. तो काटा ह्याने ठेवला नाय."

गजाभाऊ "एक गुण होता रे फक्त..." असं पुटपुटले आणि त्यांच्या वाटचं केळं त्यांनी माझ्या ताटलीत ठेवलं.

गजाभाऊ आता नाहीत. माझ्या शब्दावर रूबेनइतका भरवसा पुन्हा कोणी टाकला नाही, आणि त्याबद्दल मी त्याचा कायमचा ऋणी आहे.

परवा, बुधवारी संध्याकाळी, त्याचा इस्रायलहून व्हिडिओ कॉल आला; तिकडे अजून ऊन होतं. मी अंगणात उभा होतो. त्याने इकडचं तिकडचं काही विचारलं नाही, थेट म्हणाला, "किती?"

चष्मा पुसला, मान वर केली. "दोन," म्हटलं.

"मग थांब."

आम्ही दोघं फोन धरून उभे राहिलो... तिसरी दिसेपर्यंत.