भिंतीपलीकडची भट्टी

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, पाववाले. जगातला धूर, म्हणजे त्यातला कार्बन वायू, शून्यावर आणायचा, हे त्यांना कधीच पटलं नाही. "शून्य म्हणजे अगदी शून्य? मग पीठ फुगायचं कशानं? तोच वायू ना तो?" असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत. पिठातला वायू गव्हाने हवेतूनच घेतलेला असतो, कोळशाचा मात्र जमिनीखालून नव्याने येतो, हे भाचीने त्यांना शंभरदा समजावलं. ते मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारत. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

"आणि तुझी वीज कुठून येते गं? दुसऱ्या कुणाच्या दारात कोळसा जळतोच ना?" यावर मात्र ती पिशवी उचलून कामावर निघे.

भाची पालिकेत होती. आमच्या भागातल्या कोळशाच्या भट्ट्या बंद करून विजेच्या बसवायच्या, हे तिचंच काम. सगळ्या विझल्या, उरली फक्त तिच्या बापाची. कचेरीत लोक म्हणू लागले, दिव्याखाली अंधार. मी एकदा भडकलोच. "भाऊजी, पोरीची नोकरी घालवणार तुम्ही. तुमचं तत्त्वज्ञान घाला चुलीत."

ते दंड धरून मला भट्टीमागच्या खोलीत घेऊन गेले. तिथे त्यांची आई भिंतीला पाठ लावून बसली होती. डोळे गेलेले, कानही जवळजवळ गेलेलेच. तिचा एक तळवा भट्टीने तापलेल्या भिंतीवर होता.

"मग हीटर आणू की," मी म्हणालो.

"आणला होता. तिने तोंड फिरवलं. भिंत गरम म्हणजे मी पलीकडे आहे, एवढं एकच तिला कळतं."

मला माझीच लाज वाटली. पण मी तरी काय करणार होतो? इकडे आड, तिकडे विहीर.

शेवटची नोटीस भाचीलाच द्यावी लागली. नोटीस बापाच्या हातात देऊन ती पिठाच्या पोत्यावर बसून रडली. भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्या दिवसापासून भट्टीत कोळसा घातला नाही.

विजेची भट्टी चांगली आहे, पावही चांगला भाजतो. पण ती दुसऱ्या कोपऱ्यात आहे, ही भिंत आता गारच. म्हातारी दिवसभर भिंत चाचपडायची, "कुठे गेला माझा मुलगा?" म्हणून विचारायची. भाऊजी हात धरायला गेले, तर हात सोडवून घेऊन पुन्हा भिंतीकडे वळायची.

परवा मी गेलो, तेव्हा भाऊजी त्या खोलीच्या दारात उभे होते. आत भाची गरम पाण्याची पिशवी भिंतीला दाबून धरून बसली होती. जरा वेळाने तिने पिशवी काढून घेतली आणि आजीचा तळवा त्या जागी ठेवला.

"आला वाटतं कामावर," म्हातारी म्हणाली आणि हसली.

भाऊजींनी उंबऱ्यावर टाकलेलं पाऊल मागे घेतलं. आत जाऊन हात धरला असता, तर तिने तो सोडवून घेतला असता; तिच्या लेखी मुलगा भिंतीपलीकडे कामावर होता.