बाराव्या ओळीतला जास्तीचा खांब

न्यूझीलंडमधल्या ‘ते रापा’ इथल्या दूध पावडरच्या कारखान्यात मी बावीस वर्षं चुका शोधण्याचा पगार घेतोय, त्यामुळे चूक दिसली की माझे हात शिवशिवतात. माझी बायको कांचन याला गुण म्हणत नाही.

आमची मुलगी सिद्धी इथंच न्यूझीलंडमध्ये, हिल्सबरोला असते. तिला मुलगी झाली आणि बारशाचा रविवार ठरला. माझी आई पुण्यात, ब्याऐंशी वर्षांची. तिला येणं शक्य नव्हतं. तिनं ओळखीच्या बाईंबरोबर एक पिशवी पाठवली. आत क्रोशाची अर्धवट कुंची, लोकर आणि सुई. सिद्धीच्या वेळी विणायला घेतलेली, सव्वीस वर्षं तशीच पडलेली.

"मला आता दिसत नाही रे. तू पुरी कर. तेवढाच माझा हात बाळाच्या डोक्यावर राहील," आई फोनवर म्हणाली.

"मी करते," कांचन म्हणाली. पण आईनं मला सांगितलं होतं. चौपन्नाव्या वर्षी मी व्हिडिओ बघत साखळी आणि खांब हे क्रोशाचे टाके शिकलो. माझा पहिला चौकोन कांचननं भांडी घासायला घेतला. स्मोकोला, म्हणजे चहाच्या सुट्टीत, मी सुई काढली की कारखान्यातले सगळे "स्वीट ॲज, ब्रो", म्हणजे झकास, म्हणायचे आणि खुर्ची जरा लांब सरकवायचे.

हळूहळू हात बसला आणि माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. आईच्या विणीत बाराव्या ओळीत एक खांब जास्त होता. तिथून कड वाकडी गेली होती. प्रत्यक्ष आईची चूक पकडली म्हणून मी दिवसभर खुशीत होतो. तिथपर्यंत उसवलं. मग तिची वीण घट्ट, माझी सैल, जोड दिसायला लागला. आणखी उसवलं. असं करत पहिल्या साखळीपर्यंत पोचलो आणि सगळी कुंची नव्यानं विणली. कड अगदी सरळ आली.

कांचननं ती उलटसुलट करून पाहिली. "छान झालीय. पण यात आईंचं काय आहे?"

"लोकर," मी म्हणालो.

बारशाला आठ दिवस असताना आईचा फोन आला. "बाराव्या ओळीत एक खांब जास्त असेल बघ. तुझा फोन आला होता ना, न्यूझीलंडचा व्हिसा झाला म्हणून, तेव्हा तीच ओळ हातात होती. मोजणी चुकली. पुढं थोडं विणलं, पण मग मन लागेना. ती ओळ उसवली नाहीस ना?"

"नाही," मी म्हणालो.

जाऊ नकोस, असं आई मला एकदाही म्हणाली नव्हती. तिचं सगळं म्हणणं त्या एका खांबात होतं आणि मी शहाण्यानं ते उसवून टाकलं होतं. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. त्याच दुपारी माझी सरळ वीण बाराव्या ओळीपर्यंत उसवली, एक खांब जास्त घातला आणि वाकडी कड तशीच पुढं नेली. मुद्दाम चुकायला मला आठ दिवस पुरले, तेही जेमतेम.

बारशाच्या दिवशी सिद्धीनं बाळाला कुंची घातली आणि वाकड्या कडेवर बोट ठेवलं. "बाबा, इट्स अ बिट वाँकी हिअर. फिक्स करायचं का?"

"नको," मी म्हणालो. "तेवढंच आजीचं आहे."