व्हय म्हाराजा

शिलाई मशीनच्या तेलाचा वास आला की मला आमच्या घरातली चतुर्थीची एक सकाळ आठवते. मुंबईतली त्याची गिरणी बंद पडल्यानंतर माझा थोरला भाऊ पहिल्यांदाच गणपतीला घरी आला होता, मनगटावर झगझगीत घड्याळ. खाऊ शोधायला मी त्याच्या बॅगेत हात घातला आणि टॉवेलात गुंडाळलेलं गार लोखंड हाताला लागलं. तेलाचा वास आला. पिस्तूल होतं. त्याने माझा हात घट्ट धरला. "आवशीक सांगा नको," ओटीवरच्या आईकडे बघत तो पुटपुटला. "काम गेला तेव्हा 'जेवलंस काय रे?' म्हणान टोळीच्या भाईनच इचारल्यान. दुसऱ्या कोणी नाय." ओटीवर शेजारीण आपल्या मुलाला पुढे करून आईला सांगत होती, "माझ्या झिलाकय हेच्यावांगडा मुंबैक धाडतंय गो!" मग गणपतीपुढे नारळ ठेवून वाडीतल्या म्हाताऱ्याने गाऱ्हाणं घातलं, "हेच्यासारखो कामधंदो वाडीतल्या सगळ्या पोरांका गावां दे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळं घर गरजलं, आईचा आवाज सगळ्यांत मोठा. माझ्या तोंडून मात्र 'व्हय' निघालं नाही. मी भावाकडे पाहिलं. आज पन्नाशीला आले तरी ते विसरता येत नाही. हात जोडून उभ्या असलेल्या त्याचेही ओठ मिटलेलेच होते.