एकोणीस नंबरची शिट्टी

माझ्या भावाला टॅक्सी कंपनीतले ड्रायव्हर 'कानवाले' म्हणतात. खऱ्या नावाने हाक मारली तर तो बहुतेक ओ देणार नाही. तिथल्या तीस गाड्यांमध्ये वायरलेस सेट बसवायचे आणि त्यातली खरखर काढायची, हे त्याचं काम. घरात मी चारदा ओरडले तरी याला ऐकू येत नाही, आणि कुठल्या गाडीत कुठली वायर सैल झालीय ते मात्र बॉनेट न उघडता सांगतो. असल्या कानाचं कौतुक बाहेरच्यांनीच करावं.

अकरा वर्षांपूर्वी माझा नवरा गेला आणि मी मुलीला घेऊन दादाकडे राहायला आले. दोन खोल्या. आतल्या खोलीत आम्ही दोघी, बाहेर दादा, त्याची कॉट आणि माझं शिलाई मशीन. त्याने लग्न केलं नाही. का नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर माझ्यावरच येऊन थांबलं असतं.

जेवताना तो कामाचंच बोलतो, त्यामुळे मलाही आता बरंच कळतं. सेटची वायर थेट बॅटरीवरून घ्यायची, मध्ये दुसऱ्या कशाला जोडायची नाही. अँटेनाच्या बुडाखालचा रंग खरवडून पत्रा चमकेपर्यंत घासायचा, नाहीतर अर्थिंग नीट मिळत नाही. एवढं करूनही इंजिनाचा वेग वाढला की एक बारीक शिट्टी चढत जाते, ती बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची. तिच्यासाठी फिल्टर टाकायचा.

"पण गंमत बघ," दादा म्हणायचा, "आपल्या बोलण्यात शिरलेली शिट्टी आपल्याला ऐकूच येत नाही. ती पलीकडच्यालाच कळते."

पलीकडे म्हणजे कंट्रोल रूम. ती यार्डापासून लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला, एका उंच इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत. तिथे एक बाई बसायच्या. अकरा वर्षं दादा त्यांच्याशी रोज बोलला, पण त्यांना पाहिलं एकदाही नाही. आणि बोलायचा तरी काय? सेट बसवला की चाचणी. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू करून, मग दिवे आणि वायपर लावून, शेवटी ॲक्सिलरेटर दाबून. दर वेळी दादा एक ते पाच आकडे म्हणायचा आणि बाई निकाल द्यायच्या. स्वच्छ. स्वच्छ. "थोडी शिट्टी आहे, फिटर. उद्या परत बघा." यापलीकडे एक शब्द नाही, कारण तीसही गाड्यांत सगळे ड्रायव्हर कान टवकारून बसलेले. बाईंनी पास म्हटल्याशिवाय दादा कागदावर सही करत नसे.

आठवड्यातून एखादी तरी गाडी अशी परत यायची. दुसऱ्या दिवशी दादा सगळे जोड सोडायचा, घासायचा, पुन्हा आवळायचा.

"सापडलं का काही?" मी विचारायची.

"नाही. बाईंचा कान माझ्यापेक्षा तिखट आहे." हरल्याचं दुःख तोंडावर औषधालासुद्धा नसायचं.

मी एकदा म्हटलं, "दुसरा सेट घेऊन यार्डाच्या कोपऱ्यात कुणालातरी बोलायला बसव आणि तू स्वतः ऐक. बाईंना कशाला त्रास?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जशी काही मी त्याची कॉटच विकायला काढली होती. "कंट्रोल म्हणेल तेच खरं," म्हणाला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मशीनवर बसले होते, दोरा सारखा तुटत होता आणि डोकं आधीच फिरलेलं. दादा कॉटवर बसून उगाच बूट पुसत होता. मध्येच म्हणाला, "आपल्या घरात अजून एक माणूस आलं तर चालेल का गं?"

"कुठे बसवू? या मशीनच्या डोक्यावर?" मी म्हटलं. मला वाटलं, कंपनीतल्या कुणाला राहायला आणतोय.

तो हसला आणि पाणी प्यायला आत गेला. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. माझ्या जिभेला हाड नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवसाचं वाक्य मला आजही गिळवत नाही.

गेल्या महिनाअखेरीला बाई निवृत्त झाल्या. संध्याकाळी दादा घरी आला तो ताटासमोर नुसता बसून राहिला.

"एकोणीस नंबरची चाचणी होती," तो म्हणाला. "बाई म्हणाल्या, थोडी शिट्टी आहे, उद्या परत बघा."

"पण उद्या त्या नाहीत ना?"

"नाहीत."

"मग असं कसं म्हणाल्या?"

"शिट्टी असेल," दादा म्हणाला आणि ताट बाजूला सरकवलं.

सकाळी तो डबा विसरून गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी डबा घेऊन यार्डात पोचले तेव्हा एकोणीस नंबर, जुनी, जादा म्हणून ठेवलेली गाडी, त्याने सगळी उघडून पुन्हा जोडली होती. "बस," तो म्हणाला, "चाचणीच घेतोय." मी शेजारी बसले. त्याने इंजिन चालू केलं, दिवे लावले, कोरड्या काचेवर वायपर लावला, ॲक्सिलरेटर दाबला.

"कंट्रोल, एकोणीस नंबर. एक, दोन, तीन, चार, पाच. शिट्टी आहे का? ओव्हर."

एका नव्या मुलीचा आवाज आला. "एकदम स्वच्छ, काका. आणि कालपण स्वच्छच होती. मी बाईंच्या शेजारी बसून शिकत होते ना. मी म्हटलंसुद्धा, बाई, शिट्टी कुठेय? तर त्यांनी माझा हात दाबून मला गप्प केलं. ओव्हर."

दादाने माईकचं बटण दाबलं. तोंड उघडलं नाही. सगळ्यांची लाइन एकच, त्यामुळे त्याने बटण धरून ठेवलं तोवर बाकी कुणालाच बोलता येत नव्हतं. तीस गाड्या खोळंबल्या. त्या अकरा वर्षांत परत आलेल्या सगळ्या गाड्या मला आठवायला लागल्या. त्याला हे आधीच कळलं होतं की आत्ता कळलं, मला माहीत नाही. मला फक्त त्याचा अंगठा दिसत होता, नख पांढरं पडलेला.

शेवटी बटण सुटलं.

"काका, तुमचं बटण दाबलेलं राहिलं होतं. नुसतं इंजिन ऐकू येत होतं. गाडी पास लिहू ना? ओव्हर."

"नको," दादा म्हणाला. "बाईंनी परत बघा म्हटलंय. निकाल त्यांनीच द्यायचा. त्यांना विचारा, कधी बघायची. ओव्हर."

एरवी खोड्या काढणारे ते ड्रायव्हर. एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही.

"निरोप देते, काका," मुलगी म्हणाली. ओव्हर म्हणायचं विसरली.

त्याला आज नऊ दिवस झाले. मॅनेजर दोनदा खेकसून गेला, पण कागदावर दादाची सही नाही. एकोणीस नंबर यार्डातच उभी आहे आणि दादा रोज काम संपल्यावर तिच्यात जाऊन बसतो.

मी शिलाई मशीन एकटीने ओढत आतल्या खोलीत नेलं. मुलगी म्हणाली, "आता आपण पाय कुठे पसरायचे?" म्हटलं, बघू. बाहेरच्या खोलीत मशीनच्या पायांचे चार डाग राहिले आहेत, तेवढी जागा मोकळी झाली. संध्याकाळी दादाने ती पाहिली. आपली कॉट तेवढी थोडी भिंतीकडे सरकवून घेतली.