पाठीची माती

करंजवाडीला ग्रामपंचायत आली आणि कोंडाजी पहिले सरपंच झाले. बिनविरोध. गावानं त्यांना निवडलं ते त्यांच्या शब्दासाठी. बांधाचं भांडण असो की बैलाचा सौदा, कोंडाजी घसा खाकरायचे, फेटा मागं सारायचे आणि म्हणायचे, "आमी पाह्यलं. इषय मिटला." आणि मिटायचा.

एकदा ते पुण्याला महापौरांचं भाषण ऐकून आले, तेव्हापासून अंगावरचा कोट उतरेना. मळणीलाही कोट. त्यांची बायको सारजाबाई शेजारणीला सांगायची, "म्हापौर आन् आमचे हे, फरक येवढाच. त्याच्या कोटाला भुसा न्हाई."

पण शाळेवर कौलं चढली, चावडीपुढं पंचायतीचा कंदील लागला. कोंडाजी पुन्हा निवडून आले.

मग ती जत्रा. आखाड्यात पंच अर्थात कोंडाजीच. शेवटची कुस्ती त्यांच्याच पोराची, भिवाजीची, पौडच्या रफीकशी. रफीकचा बाप फकरुद्दीन, बाजारातला कापडवाला, कोंडाजींना म्हणाला, "तुमी हाय म्हणून पोराला आणलं. न्हाईतर जत्रंत निकाल गाववाल्याचाच."

रफीकनं ढाकेचा डाव मारला. भिवाजी उताणा पडला, दोन्ही खांदे मातीला लागले. लगेच वळून उठला, पण ढोल थांबला होता. सगळा आखाडा कोंडाजींकडं बघत होता. त्यांनी घसा खाकरला. पोराचं तोंड दिसलं आणि शब्द निघून गेले, "पाठ लागली न्हाई. कुस्ती बरोबरीत. आमी पाह्यलं."

कुणी ओरडलं नाही. "सरपंच म्हणत्यात तर तसंच," म्हणत फकरुद्दीननं पोराचा सदरा झटकला. भिवाजी मात्र बापाकडं न बघता आखाड्याला फेरी मारून आला. घामेजल्या पाठीवर तांबडी माती या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत थापलेली. सगळ्यांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी चावडीपुढनं जाणारी गोजराबाई म्हणाली, "कंदील इझलाय जणू."

पारावर बसलेल्या कुशाबानं घसा खाकरला, डोक्यावर नसलेला फेटा मागं सारला. "न्हाई इझला. आमी पाह्यलं."

पारामागून येणारे कोंडाजी आले तसे मागं फिरले. नक्कल हुबेहूब होती, तेच वाईट.

कोट खुंटीला गेला. पुढच्या निवडणुकीला त्यांनी अर्जच भरला नाही.

"पौडला जाऊन फकरुद्दीनभाईंना सांगा की," सारजाबाई म्हणाली.

"काय सांगू?"

"पाह्यलं ते."

एका बाजाराला ते गेलेही. कापडाच्या दुकानापुढून दोनदा चालले आणि मीठ घेऊन घरी आले.

पुढच्या जत्रेला पुन्हा तीच जोड लागली. कोंडाजी मागं, बैलगाड्यांच्या कडेला बसले. या खेपेला भिवाजीनं रफीकला चीत केलं. रफीक हसत उठला आणि आपणहून पाठीची माती चारी अंगांना दाखवून आला. ढोल घुमला. कोंडाजींचे हात टाळीसाठी वर आले.

शेजारी भुकूमचा एक पाव्हणा बसला होता. त्यानं सहज विचारलं, "काका, लागली का हो पाठ? मला हितनं दिसली न्हाई."

कोंडाजींनी घसा खाकरला. हात मांडीवर परत ठेवले.

"मला नगा इचारू," ते म्हणाले.